चौकातलं गोल बेट, रुंद फुटपाथ आणि रस्ता ओलांडणारे वडील

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या उपनगरात सोसायट्यांमधून जाणारा 15 मीटरचा रस्ता आणि त्याला छेदणारा 12 मीटरचा दुसरा रस्ता. या चौकात महापालिका गोल बेट करणार आहे, शिवाय दोन्ही बाजूंना रुंद फुटपाथ, झाडं, बाकं. दुकानदार म्हणतात रस्ता अरुंद होऊन कायमची कोंडी होईल. सोसायटीतले काही जण म्हणतात त्यापेक्षा सिग्नल बसवा. आणि तुमच्या 76 वर्षांच्या वडिलांना समोरच्या डेअरीत जायला रोज कुणाचा तरी हात धरावा लागतो. काम होऊ द्यावं का, आणि झालं तर कशावर लक्ष ठेवावं?

होऊ द्या. रस्त्यांच्या आखणीत आणि साइटवर मिळून माझी 26 वर्षं गेली. तुमच्यासारख्या चौकाला गोल बेटाइतका चांगला उपाय मला दुसरा माहीत नाही. पण एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: गोल चौक मधल्या बेटावर चालत नाही, तो बेटाकडे येणाऱ्या चार तोंडांवर चालतो. वॉर्डातल्या बैठकीत तास-दीड तास चर्चा होते ती मधे काय ठेवायचं याची. कारंजं, पुतळा, हिरवळ, दिव्यांचा खांब. गाडी चौकात किती वेगाने शिरेल हे मात्र त्या आधीच्या दहा-पंधरा मीटरमध्ये ठरतं, आणि त्याबद्दल सहसा कुणी एक अक्षर बोलत नाही.

साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना 32 ठिकाणी भिडतात. एकपदरी गोल चौकात अशा जागा 8 उरतात. त्या आठही जागी गाड्या एकमेकींना तिरक्या भेटतात, काटकोनात किंवा समोरासमोर येत नाहीत. अमेरिकेत सिग्नलचे आणि ‘थांबा’ पाटीचे काही चौक गोल केले गेले. त्यांचा 2001 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की माणसं जखमी होतील असे अपघात तिथे सुमारे तीन चतुर्थांशाने कमी झाले. हा फरक पडतो वेगामुळे. गाडीला वळावं लागतं म्हणून ती हळू होते, आणि हळू गाडीची धडक सौम्य असते. ताशी 50 किलोमीटरच्या गाडीत ताशी 30 च्या गाडीपेक्षा पावणेतीन पट ऊर्जा असते. पायी माणसाचं हाड मोडणार की कपडे झटकून तो उठणार, हे इथे ठरतं.

मग आपल्याकडचे गोल चौक का तुंबतात? दोन कारणं आहेत. पहिलं, कोण आधी जाणार हे कुणालाच माहीत नसतं. आत फिरणारा माणूस बाहेरून घुसणाऱ्यासाठी थांबतो, त्याच्यामागचा थांबतो, तिसरा नेमका आधीच्या तोंडासमोर उभा राहतो आणि चार-पाच गाड्यांत चौकाला गाठ बसते. इंग्लंडमध्येही एकेकाळी हेच व्हायचं. 1966 साली तिथे नियम आला की आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला, शिरणाऱ्याने थांबायचं. त्यानंतर गोल चौक मोकळे वाहू लागले आणि फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने अगदी लहान, ‘मिनी’ गोल चौकांचे प्रयोग सुरू केले. आपल्याकडे 1989 च्या नियमांत अनियंत्रित चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या असं होतंच, आणि 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांत गोल चौकात आधीपासून असलेल्या वाहनाला प्राधान्य आहे. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे आत फिरणारी गाडी नेहमी आपल्या उजव्या हाताला असते. उजवीकडे बघायचं, मोकळं असलं की शिरायचं, इतकाच नियम.

दुसरं कारण आखणीचं. आपले जुने रोटरी, म्हणजे गोल चौक, मोठ्या आकाराचे, गाड्यांनी एकमेकींत मिसळत जावं या हिशोबाने काढलेले. माटुंग्याचं किंग्ज सर्कल, म्हणजे महेश्वरी उद्यान, डोळ्यांपुढे आणा. मधे अख्खी बाग मावते. एवढ्या मोठ्या वर्तुळात वळण जाणवत नाही आणि वेगही उतरत नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेची 1976 ची मार्गदर्शिका त्याच विचाराची होती, ती 2017 मध्ये बदलली. तरी अजून कित्येक आराखड्यांत जुनं सूत्रच उतरवलेलं मी पाहतो. तेव्हा आराखडा हाती आला की तो कुठल्या साली छापलेल्या मार्गदर्शिकेवर बेतलाय हे जरूर विचारा. त्या एका प्रश्नाने समोरचा माणूस नकाशा नीट उघडून बसतो, हा माझा अनुभव आहे.

आता तुमचा चौक. 15 आणि 12 मीटरचे रस्ते, कोपऱ्यांच्या इमारतींनी नियमाप्रमाणे कोपरे सोडलेले असतील असं धरलं आणि फुटपाथ वजा केला, तर कर्बपासून कर्बपर्यंत (कर्ब म्हणजे फुटपाथच्या कडेचे दगड) वर्तुळाचा व्यास जेमतेम 20 मीटर मिळेल. गाड्या फिरायला साडेपाच मीटरची पट्टी ठेवली की मधल्या बेटाला 9 मीटर उरतात. एवढ्या जागेत 12 मीटर लांबीची बस बेटाला न शिवता उजवीकडे वळूच शकत नाही. म्हणून इथे बेट चढता येण्यासारखं हवं. कड 50 मिलिमीटर, तीही उतरती म्हणजे दुचाकीचं चाक अडकून कुणी पडणार नाही, आणि मध्यभागी जास्तीत जास्त 125 मिलिमीटरचा फुगवटा. वर पेव्हर ब्लॉक नकोत, बसच्या चाकाखाली ते वर्षभरात उखडतात. काळ्या पाषाणाचे घडीव चौकोनी दगड काँक्रीटच्या थरावर बसवून सांधे भरले तर बस आणि अग्निशमनचा बंब बिनदिक्कत वरून जातात. दुचाकीवाल्याला मात्र दगडांवरून जाताना हादरे बसतात, त्यामुळे तो आपोआप बाजूने जातो.

म्हणजे पुतळा नाही, कारंजं नाही, झाडही नाही. हे ऐकल्यावर लोक हिरमुसतात. पण याच सपाट बेटामुळे तुमच्याकडच्या गणपतीच्या मिरवणुकीची ट्रॉली आणि ढोल-ताशा पथक सरळ जाऊ शकेल. मंडळांना हे आधीच नकाशावर दाखवा. विरोध होणार असेल तर तो कागदावर असताना झालेला बरा.

चढता येणाऱ्या बेटाचा धोका एकच. उजवीकडे वळणारे रिक्षावाले आणि दुचाकीवाले वळसा न घालता उलट्या बाजूने कापून जातात. त्यावर उपाय म्हणजे चारही तोंडांवरची विभाजक बेटं: रस्त्याच्या मधोमध, चौकाच्या अलीकडे, निमुळती, 150 मिलिमीटर उंचीची, टोकाला परावर्तक लावलेला लवचीक खांब. ही बेटं तीन कामं करतात. उलट्या बाजूने घुसणं बंद होतं, गाडीला डावीकडे ढकलून तिचा सरळ मार्ग मोडतो, आणि रस्ता ओलांडणाऱ्याला मधे उभं राहायला जागा मिळते. माझ्या लेखी सगळ्या कामातला सर्वात मोलाचा दगडमातीचा तुकडा हाच. आणि पैसे कमी पडले की आराखड्यातून सर्वात आधी उडवला जातो तोही हाच, त्याच्या जागी पिवळा पट्टा मारतात. पट्टा मान्य करू नका.

तोंडाची आखणी बरोबर आहे का हे नकाशावर तुम्हीही तपासू शकता. गाडीवाल्याच्या जागी स्वतःला ठेवा आणि कर्बपासून दीड मीटर अंतर राखत, शक्य तितकी सरळ रेघ पेन्सिलीने चौकातून आरपार काढा. रेघ जवळजवळ सरळ निघाली तर गाडी वेग न उतरवता जाणार. ताशी 30 किलोमीटरसाठी त्या रेघेच्या वळणाची त्रिज्या 25 ते 30 मीटर हवी. त्याहून मोठी असेल तर तोंड जास्त उघडं आहे, कर्ब आत घ्यायला सांगा.

बांधण्याआधी चाचणीचा आग्रह धरा. एका मध्यम शहरात आम्ही असाच लहान चौक रविवारी पहाटे पाचला दोरी आणि ओला चुना घेऊन जमिनीवर आखला. कडेने वाळूच्या गोण्या आणि कोन लावले आणि आगारातून एक रिकामी बस मागवली. बस वळली. पुढचं चाक आमच्या रेषेच्या बरोबर बाहेरून गेलं. मागचं चाक मात्र चुन्यावरून आत सरकलं आणि डांबरावर पांढरा, खाचांचा ठसा उमटवत गेलं. मी टेप लावली. नकाशातल्या रेषेपेक्षा ठसा दीड फूट आत होता. कारण साधं होतं, बस त्या तोंडाला नकाशात धरली होती तशी मधून न येता उभ्या टेम्पोला चुकवून तिरकी आली होती, आणि ती रोज तशीच येणार होती. तिथला कर्ब आम्ही कागदावरच मागे घेतला. बांधून झाल्यावर तो फोडावा लागला असता, किंवा न फोडता तसाच राहिला असता आणि दर पावसाळ्यात एकेक दगड निखळला असता.

त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट कळली, जी कुठल्याही मोजणीत आली नसती. दुपारी साडेबाराला शाळा सुटली की व्हॅन नेमक्या बाहेर पडायच्या तोंडाशी थांबायच्या. मागे चार गाड्या थांबल्या की वर्तुळ भरायचं. व्हॅनची जागा 30 मीटर पुढे सरकवली आणि प्रश्न मिटला. तुमच्याकडे रिक्षा स्टँड किंवा बस थांबा चौकाला चिकटून असेल तर तोही असाच हलवावा लागेल. गोल चौकाचं बाहेर पडायचं तोंड तुंबलं की अख्खा चौक तुंबतो. पंधरा दिवस गोण्या आणि कोन ठेवा, एखाद्या गच्चीवरून सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर चित्रण करा. दुकानदारांनाही तेच चित्रण दाखवा. तासभर समजावून जे पटत नाही ते पाच मिनिटांच्या चित्रणाने पटतं.

दुकानदारांची भीती खोटी नाही, तिला नीट उत्तर दिलं पाहिजे. टेप घेऊन जा आणि आजचा रस्ता मोजा. 15 मीटरमध्ये दीड-दीड मीटरचे नावापुरते फुटपाथ सोडले तर मधे 12 मीटर डांबर असतं. दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, त्याही तिरक्या, मधेच एखादा टेम्पो दुहेरी उभा. प्रत्यक्ष वाहतूक आजही जाता-येता एकेका रांगेतच चालते. आता नवी विभागणी बघा: फुटपाथ 2.4 मीटर, गाड्या लावायला आणि झाडांना 2 मीटर, जायला 3.1, यायला 3.1, पुन्हा 2 आणि 2.4. बेरीज 15. बसची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते, 3.1 मीटरच्या पट्टीतून ती निवांत जाते. गाड्यांच्या रांगा पूर्वी दोन होत्या, आताही दोनच आहेत. जाणार आहे ती दुहेरी लावायची सोय. ते दुकानदारांना स्पष्ट सांगा, गोड बोलून लपवू नका. त्या बदल्यात माल उतरवायला दर पन्नासेक मीटरवर एक राखीव जागा आणि तिची ठरलेली वेळ आराखड्यातच लिहून घ्या. पथारीवाल्यांचंही तसंच. 2014 च्या पथविक्रेता कायद्याखाली त्यांना हटवण्याआधी शहर पथविक्रेता समितीत विषय न्यावा लागतो. भाजीची गाडी जिथे रोज उभी राहते तिथेच झाडांच्या पट्टीत तिला जागा दिली तर फुटपाथ मोकळा राहतो. जागा दिली नाही तर ती फुटपाथवर येते, हे मी प्रत्येक रस्त्यावर पाहिलंय.

चौकाजवळ आल्यावर या विभागणीचा खरा फायदा दिसतो. शेवटच्या पंधरा मीटरमध्ये गाड्या लावायच्या दोन्ही पट्ट्या संपतात, म्हणजे 4 मीटर मोकळे होतात. त्यातले 1.8 मीटर मधल्या विभाजक बेटाला जातात आणि उरलेल्या 2.2 मधून दोन्ही फुटपाथ 1.1 मीटरने पुढे येतात. 12 मीटरच्या रस्त्यावर एवढी ऐसपैस जागा नाही, तिथे बेट अरुंद होईल. म्हणून तिथलं झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या पातळीला उचलून घ्यायला सांगा.

झेब्रा कुठे हवा? थांबायच्या रेषेच्या साधारण 6 मीटर मागे, म्हणजे एक कार रेषेशी उभी असली तर माणूस तिच्या मागून जाईल. चौकाच्या अगदी ओठावर झेब्रा मारला तर गाडीवाला उजवीकडे बघत असतो आणि माणूस त्याला दिसतच नाही.

आता तुमच्या वडिलांचा हिशोब करू. वयस्क माणूस सेकंदाला साधारण 0.8 मीटर चालतो. 12 मीटर डांबर ओलांडायला त्यांना 15 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी 40 च्या वेगाची गाडी 165 मीटरवरून येऊन पोचते. म्हणजे दोन्ही बाजूंना 165 मीटर रस्ता रिकामा दिसेपर्यंत त्यांनी थांबायचं. तुमच्या रस्त्यावर असा क्षण दिवसा येत नसणार, म्हणून त्यांना हात धरावा लागतो. नव्या आखणीत त्यांना एका वेळी फक्त 3.1 मीटर ओलांडायचे आहेत. चार सेकंद. गाड्या ताशी 20-25 ने येत असतील तर पंचवीस-तीस मीटरचं अंतर पुरतं, आणि बघायचं ते एकाच बाजूला. मधल्या बेटावर उभं राहायचं, श्वास घ्यायचा, दुसऱ्या बाजूला बघायचं, पुन्हा चार सेकंद. मात्र बेटावर दीड-दोन मीटर रुंदीची, रस्त्याच्या पातळीची खाच ठेवलेली हवी. सहा इंच चढून सहा इंच उतरायचं असेल तर काठी टेकणारा माणूस बेट टाळून बाजूने जातो. फुटपाथवरून उतरायची रॅम्प 1 ला 12 (12 लांबीत 1 उंची) पेक्षा तीव्र नको. झेब्राच्या आसपासची झुडपं गुडघ्याच्या वर वाढणाऱ्या जातीची नकोत, नाहीतर पाच वर्षांचं मूल त्यामागे पूर्ण झाकलं जातं.

फुटपाथ कागदावर 2.4 मीटर आणि प्रत्यक्षात एक मीटर असं होण्याचं कारण खांब, महावितरणचे डीपी बॉक्स, जाहिरातीचे फलक आणि सोसायट्यांच्या गेटचे उतार. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेत किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच मोकळी वाट सांगितली आहे. ही 1.8 ची वाट नकाशावर हिरव्या रंगाने भरायला सांगा आणि तीत येणारी प्रत्येक वस्तू कुठे हलणार ते विचारा. गेटसमोर फुटपाथ खाली उतरवायचा नाही. गाडीने फुटपाथवर चढून आत जायचं, माणसाने चढ-उतार न करता सपाट चालायचं. पुण्यात 2016 साली पादचारी धोरण आणि रस्ता आखणीची मार्गदर्शिका आली, जंगली महाराज रस्त्यावर आणि औंधच्या डीपी रस्त्यावर त्यानुसार कामं झाली. एखाद्या रविवारी वडिलांना घेऊन जंगली महाराज रस्त्यावर चालून या आणि त्यांना कुठे अडखळायला झालं ते लिहून ठेवा. त्यांच्याइतका चांगला तपासनीस महापालिकेला मिळणार नाही.

इथवरचं सगळं जमिनीच्या वर दिसणारं. पैसा आणि आयुष्य जातं ते जमिनीखाली. सर्वात खोल मलवाहिनी, मग पावसाळी गटार, मग पाण्याची लाइन, मग वीज आणि फायबरचे डक्ट, म्हणजे केबल ओवायचे पाइप, या क्रमाने काम झालं नाही तर नवा फुटपाथ सहा महिन्यांत पुन्हा उखडला जातो. काम सुरू होण्याआधी दर काही मीटरवर चाचणी खड्डे घेऊन खाली काय आहे ते बघायला हवं, कारण जुने नकाशे आणि प्रत्यक्ष लाइन यांचा मेळ क्वचितच बसतो. एका कामात आम्हाला नकाशात नसलेली, चालू असलेली बिडाची पाण्याची लाइन नेमकी बेटाच्या मधोमध सापडली होती. हाताने खोदत होतो म्हणून ती वाचली, जेसीबी असता तर निम्मा प्रभाग दोन दिवस कोरडा राहिला असता. रस्त्याखालून आडवे रिकामे डक्ट टाकून ठेवायला सांगा, दोन-तीन जादाचे. पुढे कुणालाही केबल टाकायची असेल तर रस्ता फोडायला नको. आणि चेंबरची झाकणं चाकांच्या वाटेतून बाहेर. गोल चौकात गाड्यांची वाट बदलते, जुनी झाकणं नेमकी दुचाकीच्या वळणावर येतात, आणि पावसात ओल्या लोखंडावर वळणारी दुचाकी सरळ आडवी होते.

पाण्याचा उतार हा तर माझ्या जिव्हाळ्याचा विषय. गोल फिरणाऱ्या पट्टीचा उतार मधल्या बेटाकडून बाहेर, साधारण 2 टक्के हवा. पाणी बाहेरच्या कर्बला जातं, तिथे जाळीतून गटारात. उतार आत दिला तर पाणी बेटाला वेढा घालून बसतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात डांबराला भोकं पडतात. फुटपाथ पुढे आणल्यामुळे जुन्या जाळ्या आता फुटपाथखाली गेल्या असतील. नव्या कर्बला नव्या जाळ्या दिल्यात का हे बघा, पुष्कळदा विसरतात. डांबराचा नवा थर टाकण्याआधी जुना थर खरवडून काढलाच पाहिजे. न खरवडता 40 मिलिमीटरचे दोन थर चढले की 150 चा कर्ब 70 वर येतो, पाणी फुटपाथवर आणि तिथून दुकानांत. जंगली महाराज रस्ता 1970 च्या दशकात बांधला गेला आणि पुढे कित्येक दशकं त्यावर खड्डा पडला नाही, हे पुणेकर अजून अभिमानाने सांगतात. आपल्याच शहरात आपल्याच पावसात असा रस्ता झाला आहे, तेव्हा पावसामुळे रस्ता टिकत नाही हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.

झाडांबद्दल थोडं. 1975 च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि या आखणीत तोडायची गरज सहसा पडतही नाही. जुनी झाडं गाड्या लावायच्या पट्टीत येतात, तिथे दोन गाड्यांमध्ये त्यांचं आळं करता येतं. झाड मरतं ते मुळं तुटून. बुंध्यापासून किमान एक मीटर जमीन उघडी हवी, काँक्रीट नाही, ब्लॉक नाही. त्या परिघात जेसीबीचा पंजा लागू देऊ नका, मजुरांकडून हाताने खोदून घ्या. आज मुळं तोडलेलं झाड लगेच वाळत नाही. दोन-तीन वर्षांनी वादळात पडतं आणि लोक म्हणतात झाड जुनं होतं.

सिग्नलचा प्रश्न राहिला. सिग्नल कुठे हवा? एक रस्ता दुसऱ्यापेक्षा खूप जड असेल, शेजारच्या सिग्नलची रांग तुमच्या चौकापर्यंत येत असेल, किंवा स्टेशनसारखी माणसांची अखंड रीघ असेल, तिथे. तुमचा चौक तसा वाटत नाही, पण मोजून बघा. सकाळी 9 ते 10 आणि संध्याकाळी 6:30 ते 7:30, चार तोंडांवर चार जण, कागदावर पाच-पाचच्या काड्या. लहान गोल चौकाला दिवसाला 15 हजार वाहनांपर्यंत अडचण येत नाही, असा अमेरिकी मार्गदर्शिकेचा ठोकताळा आहे. आपल्याकडे दुचाकी जास्त, त्या कमी जागा घेतात. सिग्नल बसवला तर दुपारी दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर लोक लाल दिव्याला थांबतील की तोडतील, याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. आणि हिरवा संपायच्या आत निसटायला जो वेग पकडला जातो, तोच वडिलांसाठी सर्वात घातक.

काम सुरू झालं की अर्धा रस्ता, मग उरलेला अर्धा, असं करून घ्या. खोदाई पावसाळ्याआधी संपेल असं वेळापत्रक लेखी मागा. पावसाळ्यात खोदाई बंद होते आणि उघडे चर चार महिने तसेच राहतात. रोज संध्याकाळी दहा मिनिटं साइटवर जा. कनिष्ठ अभियंत्याशी आणि मुकादमाशी ओळख ठेवा, नकाशाची प्रत खिशात असू द्या. कर्ब बसवणारा गवंडी दोरी धरून काम करतोय का बघा. गोलाईत दोरी न धरता दगड बसवले की वर्तुळाचा बहुकोन होतो आणि प्रत्येक कोपऱ्याला टायर घासतं. गोलाईसाठी लहान लांबीचे, शक्य तर मुळातच वळवलेले कर्ब मागवायला लावा.

उघडल्यावर पहिले दोन आठवडे चारही तोंडांवर माणूस हवा. वाहतूक पोलीस नाही मिळाले तर सोसायटीतले निवृत्त लोक शिट्टी घेऊन उभे राहू शकतात. त्यांनी फक्त शिरणाऱ्याला थांबवायचं, आतल्याला कधीही थांबवायचं नाही. तोंडावरची उलटी त्रिकोणी पाटी, थांबायची तुटक रेषा आणि झेब्रा हे थर्मोप्लास्टिकचे (वितळवून लावलेल्या टिकाऊ रंगाचे) असले तरी झिजतात, दरवर्षी पुन्हा मारायची तरतूद देखभालीच्या कंत्राटात आहे का ते आत्ताच बघा. दिवा बेटाच्या मध्यावर नको, झेब्राच्या थोडा अलीकडे, येणाऱ्या गाडीच्या बाजूला हवा, म्हणजे ओलांडणाऱ्याचा चेहरा उजळतो.

आणि पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन चौकात जा. पाणी कुठे साचतंय तिथे खडूने नाही, ऑइल पेंटने खूण करा, फोटो काढा, तारीख टाका. दोषदायित्वाचा काळ संपण्याआधी ठेकेदाराकडून ते त्याच्या खर्चाने दुरुस्त करून घेता येतं. नकाशा मिळाला की चारही तोंडांची मापं मला इथेच लिहून कळवा, पेन्सिलीची ती रेघ मी तुम्हाला काढून दाखवतो.